एएसी भिंतीला हवाबंद कोट नको

एएसी ब्लॉक म्हणजे हवेच्या छिद्रांनी भरलेल्या हलक्या काँक्रीटचे, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भट्टीत) पक्के केलेले ठोकळे. ‘एएसी ब्लॉक स्पंजसारखे पाणी पितात, बाहेरून रबरासारखा जाड, हवाबंद कोट मारा, थेंबभरही आत जाणार नाही’ हा सल्ला सध्या फार फिरतो आहे. त्यातली भीती रास्त आहे, इलाज मात्र भिंतीच्या मुळावर येणारा आहे.

आधी स्पंजाचे. ब्लॉकमधली मोठी छिद्रे बहुतांशी एकमेकांना जोडलेली नसतात. पाणी शिरते ते त्यांच्यामधल्या सूक्ष्म केशनलिकांतून, सावकाश. पण एकदा मुरलेले पाणी सुकायलाही फार वेळ लागतो. त्यामुळे बाहेरून संरक्षण हवेच, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो ‘हवाबंद’ या अटीशी. ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या ब्लॉकमध्ये वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा असतो. सुकलेल्या भिंतीत तो ५ टक्क्यांच्या आसपास उरतो. मधला सगळा ओलावा वाफ होऊन बाहेर पडायचा असतो. त्यात स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची वाफ रोजची. बाहेरची वाट बुजवली की ओलावा कोटामागे साचतो, ऊन तापले की दाब वाढतो, कोटाला फुगे येतात. फुगा फाटला की तिथून पाऊस आत जातो आणि शेजारचा शाबूत कोट ते पाणी सुकू देत नाही. ओल्या ब्लॉकमधून उष्णताही जास्त वाहते, म्हणजे ज्या गुणासाठी तो निवडला तोच गेला.

कोट पारखायला जर्मनीचे डीआयएन ४१०८-३ हे मानक उपयोगी आहे. त्यानुसार पाणी शोषण्याचा गुणांक ०.५ च्या वर नको, वाफेला होणारा विरोध २ मीटर जाडीच्या स्थिर हवेच्या थरापेक्षा जास्त नको, आणि या दोन आकड्यांचा गुणाकार ०.२ च्या आत हवा. चांगल्या सिलिकॉन रेझिन रंगांचा वाफेला विरोध ०.१४ मीटरपेक्षाही कमी असतो, आणि पाऊस ते अडवतातच. डब्यावर नुसते ‘वॉटरप्रूफ’ छापलेले असेल तर तांत्रिक पत्रक मागून घ्या. हे आकडे तिथेच सापडतात.

‘मग सिमेंट जास्त घालून जाड प्लास्टर करा,’ असेही सांगतात. तेही नको. कडक प्लास्टर आकसताना मऊ ब्लॉकला ओढते, तडकते, सुटते. हलका, चुना मिसळलेला गिलावा बरा.

राहिले पारदर्शक सिलेन-सिलोक्सेन द्रव. ते छिद्रांच्या कडा जलविकर्षी, म्हणजे पाणी झटकणाऱ्या, करतात आणि वाफेची वाट मोकळी ठेवतात, पण भेग बुजवत नाहीत. भेगा आधी भरा, मगच ते लावा.