यामामोटोचा दाखला बुमराहला देऊ नका

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या रविवारी सकाळी सांगलीहून दादाचा मेसेज आला. "तुमच्याकडचा तो जपानी बघितलास? शुक्रवारी ९६ चेंडू टाकले आणि शनिवारी परत उभा राहिला. आणि आमचे साहेब इंग्लंडमध्ये पाचातल्या तीनच कसोट्या खेळले!" दादाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण भांडायला मुद्दा सापडला की तो खेळ कुठला हे बघत नाही.

जपानी म्हणजे लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, योशिनोबु यामामोटो. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना त्याने शुक्रवारी सुरू केला आणि सहा डाव टाकले. शनिवारी सातव्या, निर्णायक सामन्यात नवव्या डावात तोच पुन्हा चेंडू घेऊन आला, आणखी ३४ चेंडू टाकले आणि अकराव्या डावात टोरोंटोला ५-४ असं हरवूनच मैदानाबाहेर गेला. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. साहेब म्हणजे अर्थातच जसप्रीत बुमराह.

इथे अमेरिकेत, इंडियानापोलिसला आम्ही त्या वीकेंडला झोपलोच नाही म्हटलं तरी चालेल. शनिवारी संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या डेल मारला ब्रीडर्स कप क्लासिक ही घोड्यांची मोठी रेस, मग आमच्या गावच्या पेसर्सचा बास्केटबॉल, मग तो अकरा डावांचा सातवा सामना. तो मध्यरात्रीनंतर संपला. त्याच रात्री इथली घड्याळं एक तास मागे गेली, ही निसर्गाची नाही तर सरकारची कृपा. सकाळी साडेसहाला नवी मुंबईतला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना लागला, तोही पावसामुळे दोन तास उशिरा. माझ्या घरी जमलेल्या मंडळींत एक केंटकीचा सहकारी होता, दोन पेसर्सवेडे शेजारी होते आणि मध्यरात्री चहा मागणारे तीन मराठी. वाद जोरात झाले, आणि गंमत म्हणजे सगळ्याच खेळांतला वाद एकच होता: दमलेल्या किंवा दुखावलेल्या शरीराला खेळवायचं की बसवायचं, आणि हे ठरवायचं कोणी?

केंटकीकर सहकाऱ्याचा राग मे महिन्यापासूनचा. ३ मे २०२५ ला केंटकी डर्बी सॉव्हरेन्टी नावाच्या घोड्याने चिखलातून धावत जिंकली, जर्नलिझम दुसरा आला. डर्बी, मग दोन आठवड्यांनी प्रीकनेस, मग तीन आठवड्यांनी बेलमाँट. या तिन्ही रेसेस एकाच घोड्याने जिंकल्या की ट्रिपल क्राउन. १९१९ पासून आजवर फक्त तेरा घोड्यांना ते जमलंय. प्रीकनेसला उतरायचं तर आधी डर्बी जिंकलेली असावी लागते, असा नियम नाही. पण डर्बी जिंकलेला घोडा प्रीकनेसला आणायचा, ही रीत आहे. ट्रेनर बिल मॉट यांनी डर्बीनंतर तीनच दिवसांत जाहीर केलं की दोन आठवड्यांत घोडा परत पळवणार नाही, थेट बेलमाँटला नेणार. रेसशौकिनांनी बोंबाबोंब केली. पहिला ट्रिपल क्राउन विजेता सर बार्टन डर्बीनंतर चौथ्या दिवशी प्रीकनेस पळला होता, तुमचा घोडा काय काचेचा आहे का, वगैरे. प्रीकनेस जर्नलिझमने जिंकली. मग ७ जूनला सॉव्हरेन्टीने बेलमाँटमध्ये त्याच जर्नलिझमला हरवलं आणि ऑगस्टमध्ये ट्रॅव्हर्स ही आणखी एक मोठी रेस घोड्याच्या दहा लांबींनी मारली.

माझा सहकारी म्हणतो, हाच तर पुरावा! एवढा दमदार घोडा तिन्ही जिंकला असता, आमचा इतिहास बुडवला. मला त्याच निकालांत उलटं दिसतं. विश्रांती मिळाली म्हणून बेलमाँट आणि ट्रॅव्हर्स दिसल्या. यातलं खरं कोणालाच सिद्ध करता येणार नाही, म्हणून तर वाद सहा महिने टिकला. ब्रीडर्स कपच्या काही दिवस आधी सॉव्हरेन्टीला ताप आला आणि मॉट यांनी तिथूनही त्याचं नाव मागे घेतलं. यावेळी कोणी काही बोललं नाही. ताप दिसतो, थर्मामीटरवर वाचता येतो. थकवा दिसत नाही. (क्लासिक शेवटी फॉरएव्हर यंग या जपानी घोड्याने जिंकली. यामामोटोसकट एका दिवसात जपानची दोन मोठी कामं झाली, आणि माझ्या घरात एकही जपानी माणूस नव्हता.)

पेसर्सचं दुखणं वेगळं. टायरीस हॅलिबर्टन हा आमचा हुकमाचा एक्का. जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या अंतिम मालिकेत पाचव्या सामन्यात त्याची पोटरी दुखावली. सहावा सामना तो खेळला, जिंकला. सातव्यात, २२ जूनला, पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याची टाचेमागची अकिलीस शीर तुटली. सामना गेला, अजिंक्यपद गेलं आणि २०२५-२६ चा अख्खा मोसम गेला. १ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत पेसर्स पहिले पाचही सामने हरून बसले होते. हॅलिबर्टनने नंतर सांगितलं की त्याला पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा खेळेन. या वाक्यावर माझ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं होतं. पण २०१९ मध्ये केव्हिन ड्युरँट या दुसऱ्या बड्या बास्केटबॉलपटूचं नेमकं हेच झालं होतं. आधी पोटरी, मग अंतिम मालिकेत परत येणं, मग अकिलीस. सहा वर्षांपूर्वीचा धडा समोर असताना, 'खेळाडूची इच्छा' म्हणून डॉक्टरांनी आणि संघाने बाजूला उभं राहावं, हे मला पटत नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी पंचविशीतल्या खेळाडूला विचारलं, खेळशील का, तर तो दुसरं काय सांगणार?

आणि त्याच्या बाबतीत पैशाचीही एक गोष्ट आहे. २०२३-२४ पासून एनबीए या बास्केटबॉल लीगने नियम केला की मोसमात ८२ पैकी किमान ६५ सामने खेळल्याशिवाय मोठे पुरस्कार मिळणार नाहीत. बड्या खेळाडूंनी उगाच सुट्ट्या मारू नयेत म्हणून. त्या मोसमात हॅलिबर्टनची मांडी धरली होती, पण पुरस्कारावर त्याच्या करारातले चार कोटी डॉलर अवलंबून होते. तो घाईने परतला, ६९ सामने खेळला आणि नियमाला मूर्खपणाचा म्हणाला. प्रेक्षकांच्या हितासाठी केलेला नियम खेळाडूला लंगडत मैदानावर आणतो, हे इथल्या चाहत्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

आता दादाच्या यामामोटोकडे वळते. सातव्या सामन्याआधी तो मोसमभर काय करत होता? १६२ सामन्यांच्या मोसमात त्याने ३० सामने सुरू केले. डॉजर्स त्याला बहुतेक वेळा जवळजवळ आठवड्याने एकदा मैदानात आणत. एप्रिल ते सप्टेंबर बँकेत शिल्लक टाकत गेले आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ती काढली. शिवाय सातव्या सामन्यानंतर पुढे महिनोन्‌महिने सुट्टी होती. शौर्य होतंच, त्याची मी चेष्टा करणार नाही. पण जे शौर्य आपण एका रात्री बघितलं, त्याला सहा महिन्यांची विश्रांती लागलेली होती. याच डॉजर्सने एप्रिल २०२२ मध्ये क्लेटन कर्शॉला सात डाव एकही फलंदाज बेसवर न जाऊ देता, फक्त ८० चेंडूंनंतर बाहेर काढलं होतं. तेव्हा चाहत्यांनी प्रशिक्षकाला शिव्या घातल्या, आणि कर्शॉ स्वतः म्हणाला, निर्णय बरोबर होता.

आता बुमराह. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला त्याच्या पाठीने दगा दिला. चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली. एप्रिलमध्ये तो मुंबई इंडियन्सकडून परतला. मेमध्ये कसोटी संघ जाहीर करतानाच निवड समितीचे प्रमुख अजित आगरकर यांनी सांगितलं होतं की इंग्लंडमध्ये तो पाचही कसोट्या खेळणार नाही. तो लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला खेळला. भारत जिंकला ते एजबॅस्टन आणि ओव्हलला, म्हणजे तो नव्हता तेव्हा, आणि मालिका २-२ सुटली. मोहम्मद सिराजने पाचही सामन्यांत मिळून १८५ षटकांच्या वर गोलंदाजी करून २३ बळी घेतले. एवढं पुरलं. सिराज देशभक्त आणि बुमराह नाजूक, असा निकाल लागून गेला.

सुनील गावसकरांनी तेव्हा वर्कलोड, म्हणजे खेळाडूवरचा खेळाचा भार, हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या कोशातून काढून टाका, अशा अर्थाचं म्हटलं आणि सीमेवरच्या जवानाचा दाखला दिला: तो थंडीची तक्रार करतो का? बुमराहचा प्रश्न दुखापतीचा आहे, असंही ते म्हणाले होते, पण आमच्या घरच्या ग्रुपवर पोचेपर्यंत तेवढा भाग गळला होता. गावसकरांबद्दल आमच्या घरात देवघरातल्याइतकाच आदर आहे, तरी हे मला मान्य नाही. सियाचीनच्या चौकीवर लष्कर एका जवानाला साधारण तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवत नाही. नंतर त्याला खाली आणतं, दुसऱ्याला वर पाठवतं. जवान तक्रार करत नाही म्हणून नव्हे, तर तो तक्रार करणार नाही हे लष्कराला माहीत असतं म्हणून. वर्कलोडचं यापेक्षा कडक व्यवस्थापन क्रिकेट बोर्डालाही जमलेलं नाही.

दादाच्या बोलण्यात एक खरी बोच आहे, ती मी झटकणार नाही. तो म्हणतो, आयपीएलचे बारा सामने खेळताना पाठ दुखत नाही, देशासाठी खेळताना बरी दुखते. आकडे मांडून बघितले. बारा सामन्यांत चार-चार षटकं धरली तर जास्तीत जास्त ४८ होतात, ती दोन महिन्यांत. इंग्लंडच्या तीन कसोट्यांत त्याने जवळपास १२० टाकली. शरीराचा हिशेब दादा समजतो त्यापेक्षा वेगळा आहे. पण आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला आणि लीड्सची कसोटी २० जूनला, हे वेळापत्रक बुमराहने आखलं नव्हतं. ज्यांनी आखलं त्यांना दादा कधी शिवी घालत नाही. नेमकं तिथेच मला आपला वाद फसलेला वाटतो.

इथले चाहते काही साधुसंत नाहीत. पण ते भांडतात पैशाबद्दल. तिकिटाला दोनशे डॉलर मोजले, पोराला स्टार बघायचा होता, तो सूट घालून बाकावर बसला, माझे पैसे परत द्या. २०१२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्स या बास्केटबॉल संघाने मायामीच्या सामन्याआधी आपले चार मोठे खेळाडू विमानाने घरी धाडले, तेव्हा लीगने अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला, तोसुद्धा संघाला. खेळाडूच्या निष्ठेवर कोणी गेलं नाही. हे सगळं बाजारू आहे, खरंय. पण बाजारू भांडणात सामने किती, प्रवास किती, नुकसान कोणाचं हे तरी बोललं जातं. आपल्याकडे खेळाडूचं चारित्र्य काढलं की कॅलेंडरवर बोलायची गरजच उरत नाही. बोर्ड सुखाने झोपतं.

माझा मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचिंग करतो. त्याच्या वयाला, अकरा-बारा वर्षांना, दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ६६ च्या वर टाकले तर चार दिवस सक्तीची सुट्टी. कोणीतरी पालक वही घेऊन मोजत बसलेला असतो. एकदा संघ जिंकायच्या बेतात असताना त्याचा आकडा भरला, आणि त्याला बाहेर काढल्यावर सगळ्यात मोठा उसासा माझाच होता. पण कोणी हुज्जत घातली नाही, कारण आकडा नियमांच्या पानावर छापलेला आहे. मुलाची हिंमत मोजायचा प्रश्नच येत नाही. दादा कॉलेजात फास्ट बोलर होता, एका टोकाकडून सकाळभर टाकायचा, आणि आता स्कूटरवर बसताना कमरेला हात लावतो. या दोन गोष्टींचा संबंध त्याला मान्य नाही.

त्या रविवारी दुपारी भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सांगलीच्या स्मृती मानधनासाठी दादाने फटाके वाजवले, त्याचा व्हिडिओही आला. त्यांच्याबद्दल वर्कलोडचा वाद कोणी घालत नाही, कारण इतकी वर्षं त्यांना पुरेसे सामनेच मिळत नव्हते. आता मिळतील, आणि मग हेच प्रश्न त्यांच्याकडेही येतील. जेमिमा रॉड्रिग्जने उपांत्य सामन्यातल्या शतकानंतर आपल्या मनावरच्या ताणाबद्दल उघडपणे सांगितलं, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी, दादानेही, तिचं कौतुक केलं. मनाचा थकवा समजून घेणाऱ्या माणसाला पाठीच्या हाडाचा थकवा कळायला हरकत नसावी, असं मी त्याला लिहिलं. उत्तर म्हणून अंगठा आला.

माझी मागणी साधी आहे. मोठ्या मालिकेआधी बोर्डाने सांगून टाकावं की अमुक गोलंदाज अमुक कसोट्या खेळणार, अमुक नाही. मग ओव्हलचं तिकीट काढणारा माहीत असून काढेल. दुखापतीतून परतणाऱ्याचा निर्णय डॉक्टरांनी लेखी द्यावा आणि कर्णधाराला तो फिरवता येऊ नये. आयपीएल आणि परदेशातली पहिली कसोटी यांत किमान चार आठवडे असावेत. दादा म्हणतो, चार आठवडे काढायचे तर आयपीएल लवकर संपवावी लागेल, आणि ते कोणी करणार नाही. यावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालंय.