बढती हिंजवडीत, घर धायरीत

बढती मिळतेय म्हणून घरी पेढे आले आणि मला रडू यायचं बाकी आहे. पद मोठं, पण बसायचं हिंजवडीत, आयटी पार्कच्या फेज थ्रीला. मी राहते पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, धायरीत. जाऊन-येऊन ५२ किलोमीटर, रोज!

हिशोब केलाय. गर्दीत गाडी लिटरला १३ च्या वर जात नाही. म्हणजे दिवसाला ४ लिटर, पेट्रोल शंभरीच्या पुढे, महिन्याचे २२ दिवस. नऊ हजार नुसते जाळायचे. हातात वाढणार चौदा. उरलेल्यात सर्व्हिसिंग, टायर आणि क्लच दाबून दाबून दुखणारा डावा गुडघा.

आणि वेळ? नवले पूल, वारजे, मग चांदणी चौक. तिथला जुना पूल २०२२ मध्ये पाडला, २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल झाले, वाटलं, सुटलो. कुठलं काय, तीच गर्दी पुढे भूमकर चौकात येऊन तुंबते. पाऊस असला की विचारूच नका. साडेतीन तास रोज स्टिअरिंगवर! आत्ता कर्वे रोडच्या ऑफिसातून सातला घरी असते, लेकीची पाढ्यांची वही बघते. ते कुठल्या पगारात धरायचं?

"तिकडे घर घे ना मग," म्हणतात लोक. सासूबाईंचे डॉक्टर इथे, शाळा इथे. घर काय पिशवीत घालून न्यायचंय?

सोमवारी उत्तर द्यायचंय. साहेबांना आठवड्यातले तीन दिवस घरून मागणार आहे. नाही म्हणाले तर ही खुर्ची मला नको.