पेडलबोर्डला फॉल-पिको

गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे म्हणजे पेडल, आणि ते मांडायची फळी म्हणजे पेडलबोर्ड. त्यावर पेडल चिकटवायला वेलक्रो लागतो, आणि तोच वेलक्रो गिटारच्या दुकानात मागितला की 'इम्पोर्टेड आहे सर' म्हणून असा काही भाव सांगतात की माणूस सरळ रविवार पेठ गाठतो. शिवणसामानाचं दुकान, शनिवार संध्याकाळ, समोर लेस, बटणं, अस्तरं आणि बायकांची ही गर्दी. मी कोपर मारत मारत काउंटरला पोचलो.

"वेलक्रो द्या, दोन इंची."

"शिवायचा का चिकटवायचा?"

"चिकटवायचा. मागे गम असलेला."

"कशाला लावायचाय?"

आता याला काय करायचंय? पण पुण्यात गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी चौकशीला उत्तर द्यायचं असतं. म्हटलं, पेडलला. "सायकलच्या?" नाही हो, गिटारच्या. यावर शेजारी फॉलचं मॅचिंग बघत उभ्या असलेल्या एक काकू एकदम वळल्या.

"गिटारला कुठे रे पेडल असतं? पेडल ऑर्गनला. आमच्या सासऱ्यांकडे होता, नाटकातला. पायाने भाता मारायचा आणि हाताने वाजवायचं. तू पायाने काय करतोस?"

"बटण दाबतो."

"भाता नाही?"

"नाही."

"मग पायाला काम काय?"

दुकानदार हसला. हा तोच माणूस ज्याने मघाशी मला पाच मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. मी मोबाईलमधला माझ्या बोर्डचा फोटो उघडून दाखवला, म्हटलं बघून तरी गप्प बसतील. काकूंनी चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सांगितलं, "हे दोन हिरवे शेजारी शेजारी का ठेवलेस? एक पोपटी, एक बॉटल ग्रीन. मरतात ना दोन्ही! मध्ये हा नारिंगी घाल. आणि गडद रंग उजवीकडे घे." दुकानदाराने मान डोलावली. मागची एक मुलगी म्हणाली, "हो, कॉन्ट्रास्ट छान दिसेल." म्हणजे माझ्या पोपटी ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्ह, आवाज थोडा फाडणारा), नारिंगी डीएस-वन (डिस्टॉर्शन, जास्त फाडणारा) आणि बॉटल ग्रीन कार्बन कॉपी (डिले, म्हणजे एको) या पेडलांचा निकाल फॉल-पिकोच्या काउंटरवर बहुमताने लागला.

मी सांगायचा प्रयत्न केला की काकू, हे रंगावर नसतं, गिटारची वायर उजवीकडून येते, आधी डिस्टॉर्शन, मग ओव्हरड्राइव्ह, डिले शेवटी, नाहीतर एकोच फाटतो आणि सगळा चिखल होतो. "असू दे रे, दिसायला तरी बरं दिसेल." यावर काय बोलणार?

आणि चीड कसली येते माहितीये, बाई ऑर्गनच्या बाबतीत अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. पाय हलवला की 'वॉव-वॉव' करणाऱ्या वॉ पेडलचा जन्मच मुळी ऑर्गनच्या पेडलमध्ये झालाय. १९६६ साली अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीतल्या ब्रॅड प्लंकेट नावाच्या इंजिनियरने एक सर्किट उचलून ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात बसवलं, झाला वॉ. फझची, म्हणजे आवाज पार फाडणाऱ्या पेडलची, कथा तर त्याहून थोर. नॅशव्हिलला रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरमधलं काहीतरी बिघडलं, ग्रेडी मार्टिन नावाच्या गिटारवाल्याच्या बेसचा आवाज फाटून आला, लोकांना तो फाटकाच आवडला आणि १९६२ साली मेस्ट्रो नावाच्या ब्रँडने तो बिघाड डब्यात भरून विकायला काढला. त्या लोकांना बिघाडातून सुचत होतं, आमच्याकडे सगळं धडधाकट आहे आणि सुचत काही नाही. आमच्या ओळखीतले निम्मे गिटारवाले वर्षानुवर्षं बोर्डच लावतायत, पेडलं एकमेकांना जोडायची पॅच केबल एक इंच लांब पडली म्हणून रात्रीची झोप उडते, आणि गाणं? ते बोर्ड पूर्ण झाला की!

तर घरी आलो आणि रागारागात, नुसतं काकू किती चुकीच्या आहेत ते बघायला, त्यांच्या रंगसंगतीप्रमाणे लावलं. बॉटल ग्रीन डिले आधी, मग नारिंगी डिस्टॉर्शन. एक साधा ई मायनर वाजवला. एको डिस्टॉर्शनमध्ये घुसला आणि प्रत्येक स्वर विझायच्या ऐवजी फुगत फुगत परत यायला लागला, मागचा पुढच्यावर चढला आणि मध्येच एक सूर असा लोंबकळत राहिला की हात आपोआप पुढच्या कॉर्डवर गेला. रात्री दीडपर्यंत वाजवत बसलो, चाल झाली, चांगली झाली, वैताग! (शूगेझ नावाच्या रॉक प्रकारातले लोक हे मुद्दाम करतात, मला माहितीये, कुणी शिकवायला येऊ नका.)

चाल रेकॉर्ड करून बँडच्या ग्रुपवर टाकली. बेसिस्टचा रिप्लाय, "मागे गूं-गूं असा हम येतोय. अर्थिंग बघ." चालीबद्दल अवाक्षर नाही. अर्थिंग बघितलं, तर थ्री-पिनच्या वरच्या भोकाला वायरच जोडलेली नाही, नुसतं भोक आहे शोभेला. घरमालकांना फोन केला. म्हणाले, "आमचे आधीचे भाडेकरू फ्रिज, गिझर सगळं वापरायचे, कधी तक्रार नाही. तुम्ही त्या पेट्या जरा कमी करा ना."