दालचिनी-मधाच्या त्या मेसेजवर विसंबून गोळ्या बंद करू नका

गावच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा दालचिनी पावडर मधातून घ्या, डायबिटीस मुळापासून जातो, गोळ्या सुटतात, पोटाची चरबी वितळते, नैसर्गिक आहे म्हणून साइड इफेक्ट काहीच नाही. आणि खाली टीप, जाड, काळपट, झणझणीत वासाची तीच असली दालचिनी. माझ्या मामाने हे वाचून बारा दिवस शुगरची गोळी घेतली नाही, घरात कोणाला सांगितलंही नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी ती "असली"ची टीप, कारण ती चक्क उलटी आहे. आमच्या आगरात माडा-पोफळीच्या मधे दालचिनीची झाडं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तेज जात. पाऊस सरला की फांद्या तोडायच्या, वरची खरबरीत साल खरवडून टाकायची, आतली सोलून सावलीत वाळत घालायची, वाळताना ती आपोआप गुंडाळते. ही श्रीलंकेच्या सिलोन दालचिनीचीच प्रजाती. साल पातळ, बोटांनी चुरडते, रंग फिका, वास गोडसर. बाजारात स्वस्तात मिळते ती जाड, एकपदरी, लाकडासारखी टणक नळी बहुतेक वेळा कॅसिया असते, चीन, इंडोनेशिया, व्हिएतनामकडची. मसाल्याला, बिर्याणीला ती चांगलीच आहे, वाईट कोणी म्हणत नाहीये, पण तिला असली म्हणून रोज चमचाभर खायला सांगणं चूक आहे. आणि एकदा पावडर केली की नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक ओळखता येत नाही.

हे इतकं का सांगतोय, तर साइड इफेक्ट नाही म्हणतात ना, तो इथेच आहे. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, सिलोनमध्ये अगदी नावापुरतं. जास्त कुमारिन काही लोकांच्या लिव्हरला त्रास देतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा आहे दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम, आणि कॅसियाच्या साधारण २ ग्रॅम पावडरीतच तेवढं जातं. चहाचा एक चमचा भरला की अडीच ग्रॅमच्या आसपास होते. चार दिवस जास्त गेली म्हणून लगेच काही होत नाही, पण मेसेज रोज घ्या सांगतोय, आयुष्यभर. ज्यांचं लिव्हर आधीच नाजूक आहे त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

आता शुगर. हे हवेतून आलेलं नाही, २००३ मध्ये पाकिस्तानात ६० डायबिटीसवाल्यांवर अभ्यास झाला होता, ४० दिवस रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम कॅसिया, आणि शुगर खरंच उतरली होती. पण त्या लोकांच्या गोळ्या चालू होत्या! हे मेसेजमध्ये कुठे आहे? पुढे २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने असे १० अभ्यास, ५७७ लोक, एकत्र तपासले, त्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर कमी झाल्याचं ठोस दिसलं नाही. वर चमचाभर मध म्हणजे पाच-सहा ग्रॅम साखर, तीही उपाशीपोटी, शुगरच्या पेशंटला.

चरबी वितळण्याचं म्हणाल तर कुठलाच मसाला पोटावरची चरबी वितळवत नाही, जेवण आणि चालणं याला पर्याय नाही.

दालचिनी खाऊच नका असं नाहीये. मसालेभातात, खिरीत, चहात घाला, आमच्याकडे तर झाडाचं पानही पुलावात जातं तमालपत्राच्या जागी, एवढ्याने काही होत नाही. फक्त औषध म्हणून चमच्याने मोजून घेऊ नका.

मामाची गोळी परत सुरू झालीये. तुमच्या घरी कोणी हा मेसेज वाचून गोळी सोडली असेल तर उद्या सकाळीच शुगर तपासून घ्या आणि डॉक्टरांना किती दिवस बंद होती ते खरं सांगा. मामाने आधी दोनच दिवस सांगितले होते.