परदेशी मदतीचा ‘पाव हिस्सा’ : मेसेज पुढे पाठवण्याआधी

सध्या एक मेसेज फिरतो आहे: ‘अमेरिकन सरकारच्या खर्चातला पाव हिस्सा परदेशी मदतीवर जातो, म्हणूनच जनतेला इतर देशांना मदत नको आहे.’ यातला आकडा चुकीचा आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्षही टिकत नाही.

पाव हिस्सा हा खर्च नाही, लोकांचा अंदाज आहे. आरोग्य धोरणांचा अभ्यास करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने आपल्या पाहण्यांत ‘सरकारी खर्चातला किती हिस्सा परदेशी मदतीवर जातो?’ असं अमेरिकनांना विचारलं, तेव्हा उत्तरांची सरासरी पंचवीस टक्क्यांच्या वर गेली. २०१५ मध्ये ती २६ टक्के होती. प्रत्यक्षात हा खर्च त्या काळात एक टक्क्याच्या आसपासच होता. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा बातमीचा मथळाच वाचला असावा. असं कुणाचंही होऊ शकतं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. याच पाहण्यांत खरा आकडा सांगितल्यावर ‘खर्च फार होतो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे बराचसा विरोध चुकीच्या आकड्याला होता, मदतीला नव्हे. खरा आकडा कळूनही विरोध कायम ठेवणारे आहेतच, आणि त्यांचं मत मत म्हणून ऐकायला हवं.

संकटात लोक हात आखडता घेतात, असंही सरसकट दिसत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर ब्रिटनमधल्या डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी या मदतसंस्थांच्या संयुक्त समितीच्या आवाहनाला सुमारे ३९ कोटी पौंड मिळाले.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.