हाताचा हत्ती, दाताचा एलिफंट

संस्कृतातील ‘हस्तिन्’, प्राकृतातील ‘हत्थी’ आणि आपला ‘हत्ती’ या तिन्हींचा अर्थ एकच: हात असलेला. ऋग्वेदात तो ‘मृग’ आणि ‘हस्तिन्’ अशा जोडीने येतो, म्हणजे हाताचे जनावर. हे नाव ज्यांनी ठेवले, त्यांनी सोंडेचे काम जवळून पाहिले असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला, वरच्या अंगाला, बोटासारखा एक मऊ उंचवटा असतो आणि त्याच्या आधाराने तो प्राणी गवताची काडीसुद्धा उचलतो. ‘करी’ या नावातही हातच आहे. आणि ‘द्विप’, म्हणजे दोनदा पिणारा, हे नाव तर तो सोंडेने पाणी ओढून मग तोंडात सोडतो हे पाहिल्याशिवाय सुचणारच नाही. हस्त नक्षत्राच्या पावसाला आपण ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतो आणि भोंडल्याच्या पाटावर हत्तीच काढतो, तेही याच नात्यामुळे.

‘एलिफंट’चे मूळ मात्र व्यापारात आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यात ‘एलेफास’ म्हणजे केवळ हस्तिदंत, आणि त्याच्याही आधीच्या, ग्रीसमधल्या मायसिनी संस्कृतीच्या काळातल्या मातीच्या पाट्यांवर हा शब्द त्याच अर्थाने कोरलेला आहे. प्राण्यासाठी तो वापरलेला दिसतो तो थेट इ.स.पू. ५व्या शतकात, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या लेखनात. आधी माल पोहोचला आणि मालाचे नाव प्राण्याला चिकटले. पुढे पोर्तुगिजांनी दगडी हत्तीवरून घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले, तेव्हा तेच नाव आपल्या दारी आले. (तो हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेताना फुटला, पुन्हा जोडून भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा केला आहे.)

म्हणूनच आजरा, चंदगड, दोडामार्गकडच्या बातम्यांत हत्तीसाठी सर्रास ‘टस्कर’ (म्हणजे सुळे असलेला) हा इंग्रजी शब्द वाचला की मला वाईट वाटते. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे मोठे सुळे नसतात, ‘मकना’ म्हणतात त्या नरालाही नसतात. सोंड मात्र प्रत्येकाला असते, आणि केळीची बाग मोडते तीही सोंडच. नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याला जे जनावर पुरते ठाऊक आहे, त्याला आपण पुन्हा दातावरून, म्हणजे ज्यासाठी शिकारी त्याला मारतात त्या वस्तूवरून, ओळखू लागलो आहोत. सुळ्यांचा उल्लेख आवश्यकच असेल तिथे ‘सुळेवाला हत्ती’ लिहावे. एरवी ‘हत्ती’ हा शब्द पुरेसा आहे.