तांब्यावरचं नाव

रविवारी शिऱ्या जुन्या बाजारातून थेट कट्ट्यावर आला, तो पिशवीतून पितळी तांब्या काढतच. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं : 'चि. कुसुम हिस मामाकडून'. पुढचं साल घासून घासून गेलेलं.

"दुकानदार म्हणाला, पेशवेकालीन."

"पेशवाईत मुलींची नावं रमा, गोपिका, राधा. कुसुम कुठली?" नानांनी चष्मा वर केला. "आणि खरंच शंभर वर्षांचा निघाला ना, तर पुराणवस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात बसेल. लेकाकडे दुबईला नेता यायचा नाही."

"नेतोय कशाला? मला कादंबरी सापडलीय."

आम्ही चहाकडे बघायला लागलो. शिऱ्याला दर दोन महिन्यांनी एक कादंबरी सापडते.

ही मात्र जरा बरी होती. बँकेतून व्हीआरएस घेतलेले एक गृहस्थ. दर बुधवारी आणि रविवारी भाजीच्या नावाखाली जुना बाजार गाठायचे, नाव घातलेलंच भांडं घ्यायचे आणि ते नाव ज्याचं, त्याच्यासारखं आठवडाभर वागायचे. घागरीवर 'ह.भ.प.' असेल तर गच्चीवर कीर्तन. डब्यावर 'डॉ.' असेल तर सोसायटीतल्या सगळ्यांच्या नाड्या. माणूस हळूहळू नवाच होतो, आणि बायकोला तो पहिल्यांदा आवडायला लागतो.

"सोंग आहे हे," नाना म्हणाले. "वस्तूंपायी बदललेला माणूस बघायचा तर पुण्यातल्या केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकर मुळात कवी, 'अज्ञातवासी'. १९२० च्या सुमारास जमवायला लागले, ते १९६० पर्यंत पंधराएक हजार वस्तू! दिवे, दौती, पाय घासायच्या वज्र्या. नुसत्या अडकित्त्यांपुढेच तास जातो. १९७५ ला सगळं सरकारच्या हवाली केलं."

"म्हणजे माझाच नायक की! त्यांनीसुद्धा नाव बदललंच."

"स्वतःचं झाकलं रे. आणि संग्रहालयाच्या दारावर लावलं ते लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं. तुझा गृहस्थ दुसऱ्याचं ढापतोय."

यावर शिऱ्या गप्प बसला. मला वाटलं, संपलं. पण मीना इतका वेळ तांब्यावरून बोट फिरवत होती.

"कुसुमचं काय पण?" ती म्हणाली. "आई गेल्यावर आमच्याकडच्या चार घागरी मोडीत घातल्या. काट्यावर ठेवल्या, किलोचा भाव लावला. नावाचे पैसे कोण देतं? आणि नाना, तुमच्या संग्रहालयात ही गेली असती तरी खाली चिठ्ठी काय? 'पितळी तांब्या, विसावे शतक.' तीही मांडला तर. वीस हजारांवर वस्तू, त्यातल्या अडीच हजारच बाहेर आहेत ना?"

नानांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं. मला विचाराल तर मी मीनाच्या बाजूचा; पण कादंबरी आली तर शिऱ्याचीच आधी वाचीन. निदान तिच्यात कुणीतरी आठवडाभर कुसुम होऊन राहील.

"मग यावर कुसुमखाली माझं नाव घालून घेऊ?" तांब्या पिशवीत टाकत शिऱ्यानं विचारलं.

"घाल की," मीना म्हणाली. "आधी कल्हई कर. नाहीतर ताक कळकेल."